वजनाचे कार्ड

मी चौथीपर्यंत शिकले, त्याचा सासरी उपयोग एवढाच झाला की जावेच्या मुलाचे वजन मला वाचता येत होते. ते मी तिला खोटे वाचून दाखवले. कार्डावर सहा ओळी होत्या. त्यातल्या पाच मी खोट्या वाचल्या, आणि त्या चुकून नव्हे, ठरवून वाचल्या. आता जाऊ नाही, सासूही नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. त्या असत्या तरी मी लिहिले असते, फक्त वही धान्याच्या कोठीमागे ठेवली असती.

माझे माहेर अकोल्याचे. सासर अमरावतीला, राजापेठेच्या पलीकडे. तेव्हा तिथे वस्ती संपत असे आणि आमचा मळा सुरू होत असे. वांगी, मेथी, पालक, कोहळी आणि विहिरीजवळ पपईची दहाबारा झाडे. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच वारले होते. कारभार सासूचा. दोन मुलगे, दोन सुना. मी धाकटी. माझा स्वभाव असा की चार माणसांत तोंड उघडायचे म्हटले की घसा कोरडा पडे. भाजी विकायला बसवले तर गिऱ्हाइकाने विचारलेला भाव मी पदरातच पुटपुटायची. जाऊ म्हणे, "हिले मुकी म्हणून आणली असती तर फसवलं तरी नसतं."

सासूचा हात तराजूसारखा होता. कोहळे उचलले की ती वजन सांगे, आणि तागडीत घातले तर पावशेराचाही फरक निघत नसे. बाजारात लोक मुद्दाम तिला उचलायला लावून पैज लावत. तीच सवय तिला माणसांच्या बाबतीतही होती. पाळण्यातले मूल उचलायची, हातावर दोनदा हलवायची आणि शेरात वजन सांगायची. जावेचा मुलगा आणि माझी मुलगी दोन महिन्यांच्या अंतराने जन्मली. माझी मोठी. दोघांना दोन वर्षे झाली तेव्हा सासूने माझ्या मुलीला उचलले आणि म्हणाली, "साडेनऊ शेर. कोवळीच खुडली वाटते वं तुही." मग जावेच्या मुलाला उचलले. तिला दोन हात लावावे लागले. "अठरा!" ती म्हणाली, आणि तिचे तोंड असे फुलले की तेवढे तिच्या कोहळ्यांनीही कधी फुलवले नव्हते.

त्या मुलाच्या आधी जावेची दोन मुले गेली होती. म्हणून सासूने जावेच्या माहेरच्या देवीला नवस बोलला होता. मूल जगले, तर तिसऱ्या वर्षाच्या आत त्याला देवीपुढे गुळाने तोलीन. ते गाव मूर्तिजापूरजवळ. नवसात वजन किती असावे हे देवीने सांगितले नव्हते. पण जावेने आपल्या भावकीत सांगून ठेवले होते, "माह्या पोराले अर्धा मण गूळ लागते, पाहून घ्या." वीस शेर. एकदा तोंडातून गेले ते गेले. तेव्हापासून त्या मुलाला वाढवणे म्हणजे पैजेचे कोहळे वाढवणे होते. त्याला पाणी, खत आणि सावली, सगळे मिळे. फक्त त्याला उन्हात हलू देत नसत.

घरात म्हैस एकच. सकाळचे दूध मुलाला. संध्याकाळच्या दुधाची साय मुलाला आणि उरलेल्याचे दही लागे. त्या दह्याचे लोणी मुलाच्या भाकरीवर, आणि ताक आम्हा सगळ्यांना. माझी मुलगी त्या सगळ्यांत होती.

मी तेही सोसले असते. पण श्रावणात मुलीला ताप आला. तीन दिवस ती काही खाईना. चौथ्या दिवशी म्हणाली, "दूध." मी चुलीजवळच्या भांड्यातून वाटीभर घेतले. तिने दोन घोट घेतले असतील. जाऊ न्हाणीतून आली, ओले केस तसेच, आणि मुलीच्या तोंडची वाटी तिने काढून घेतली. ओढून नव्हे. अगदी हळू, जशी आपण लेकराच्या हातातून विळी काढून घेतो. ते दूध आपल्या मुलाच्या पेल्यात ओतले आणि म्हणाली, "पोरीच्या जातीले ताप आपोआप उतरते." सासू समोर मेथीच्या जुड्या बांधत होती. तिने मान वर केली नाही. नवरा ओसरीवर होता. तो आईपुढे कधी बोलला नाही, त्याही दिवशी बोलला नाही.

पण मुलीचे ओठ वाटीच्या आकाराचे तसेच राहिले होते, ते मी पाहिले. त्या दिवशी मी मनात जावेच्या नावाने खाते उघडले नाही, एक विहीर खणली. तिच्यात रोज थोडे पाणी येऊ लागले.

आश्विनात म्युनिसिपालिटीने मुलांचा दवाखाना सुरू केला. शाळेच्या वऱ्हांड्यात महिन्यातून एकदा नर्सबाई यायच्या. नागपूरकडच्या, पांढऱ्या लुगड्याच्या, बोलायला चटचटीत. छतातून काटा टांगलेला, त्याला वेताची टोपली. मुलाला उघडे करून टोपलीत ठेवायचे, काटा पाहायचा. मग भिंतीशी उभे करून उंची, दात, डोळे, आणि पोटावर बोटे दाबून पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का ते बघायचे. प्रत्येक मुलाचे एक जाड कार्ड. वर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असे छापलेले, खाली रकाने. वजन पौंडात. शेवटचा रकाना लांब, त्यात नर्सबाई आपल्या हाताने मराठीत लिहीत.

सासूला नर्सबाईंवर विश्वास नव्हता, पण काट्यावर होता. आपला हात खरा ठरतो का हे बघायला ती आम्हा दोघींना मुलांसकट घेऊन गेली. मुलाचे छत्तीस पौंड भरले. मी सांगितले, दोन पौंडांचा शेर धरला तर अठरा. सासू रांगेतल्या बायकांकडे वळून म्हणाली, "पाह्यलं?"

बाया चाळीस-पन्नास होत्या. नर्सबाईंना प्रत्येकीशी बोलायला वेळ नव्हता. त्यांनी जावेला विचारले, "घरी वाचणारं कोणी आहे ना? लिहिलंय ते नीट वाचून घ्या आणि तसंच करा."

"हाय ना," जाऊ म्हणाली. "हे आमची मुकी वाचते."

घरी ओसरीवर बसून मी वाचले. पहिल्यांदा मी खरे वाचले, हे मला इथे ठळक लिहायचे आहे. मुलाच्या कार्डावर होते, "वयाच्या मानाने वजन फार. साय, लोणी, गूळ बंद. दूध एक वेळ. भाजी-भाकरी द्यावी. कडेवर घेऊ नये, चालवावे." माझ्या मुलीच्या कार्डावर होते, "वजन कमी. रोज अर्धा शेर दूध अवश्य."

जाऊ आधी हसली. मग तिने कार्ड माझ्या हातातून घेतले, उलटे-सुलटे पाहिले आणि सासूपुढे धरले. "आत्याबाई, पाहा हे. वाचता येते म्हणून कागदातून दूध मागून राह्यली."

"तसंच लिहिलं हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नसेल.

"माह्या पोराचं बंद अन् तुह्या पोरीले अर्धा शेर?" जाऊ म्हणाली. "नर्सबाई का तुही मावशी लागते?"

सासू म्हणाली, "जड लेकराले कोणी वाईट म्हणन का वं? कोहळं जड झालं म्हणून कोणी फेकते?" आणि मग शांतपणे, "पुढच्या खेपेले खरं वाचजो. नाई तर अकोल्याले जाऊन वाच."

अकोल्याला जाऊन वाच. म्हणजे काय ते मला कळले. त्या संध्याकाळी मी ताकात भाकरी कुस्करून मुलीला भरवत होते आणि माझे डोके इतके थंड होते की मलाच नवल वाटले. ह्यांना खरे नको. ह्यांना जे हवे ते मी देईन, पोटभर देईन.

कार्तिकात कार्डावर लिहिले होते, "सूचना पाळलेली दिसत नाही. वजन वाढले." मी वाचले, "मुलगा उत्तम. असाच वाढवावा." जावेचा चेहरा! तिने मला स्वतःच्या हाताने पपईची फोड दिली. ती मी खाल्ली. गोड होती.

मार्गशीर्षात मी आणखी पुढे गेले. तिथे होते, "गुडघे तपासले, बाहेर वळत आहेत. वजन कमी करणे जरूर." मी वाचले, "हाडपेर मजबूत. सायीबरोबर खारीक द्यावी." खारीक हा शब्द मी तिथल्या तिथे घातला. पौषात बदाम घातले. जावेने बदाम आणवले. माघात मी वाचले, "मुलाला दमवू नये." तेव्हापासून तिने त्याला खाली सोडणेच बंद केले. फाल्गुनात मी पुन्हा तेच वाचले. एकोणीस शेरांचा मुलगा कडेवर घेऊन ती मळाभर फिरे. तिची कंबर गेली. संध्याकाळी ती ओसरीवर पालथी पडे आणि म्हणे, "वं, कमरेवर पाय दे जरा." मी देत असे. मन लावून देत असे. माझी टाच तिच्या पाठीच्या मणक्यावर टेकली की ती "माय वं" म्हणे, आणि मला श्रावणातली ती वाटी दिसे.

माझ्या मुलीच्या ओळीत दर महिन्याला तेच होते, "वजन कमी. दूध द्यावे." ती ओळ मला कोणी वाचायला सांगत नसे. मी वाचतही नसे.

मुलाशी माझे वैर नव्हते, असे लिहावेसे वाटते, पण ते पूर्ण खरे नाही. तो त्या दुधाचा होता. त्याच्या मांड्यांच्या वळ्यांत घामोळे येऊन कातडी लाल होई, तो उकिडवा बसू शकत नसे, झोपेत मोठ्यांसारखा घोरे. हे सगळे मी बघत होते आणि मोजत होते, जसे कोणी वाफ्यात पाणी सोडून ते कुठवर गेले ते बघते. पण त्याच्या हातात लाडू असला की तो अर्धा माझ्या मुलीपुढे धरे. जाऊ त्याचा हात मागे घेई. तो पुन्हा पुढे करी. तेवढ्यापुरते मी दुसरीकडे पाहत असे.

चैत्रात नवस. आम्ही बडनेऱ्याहून गाडीने मूर्तिजापूरला गेलो, तिथून बैलगाडीने जावेच्या माहेरी. चिंचेच्या फांदीला धान्याची मोठी तागडी बांधली होती. सगळी भावकी जमली होती. एका पारड्यात मुलगा, नवे झबले, डोळ्यांत काजळ. दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. दहा शेर झाले, पंधरा झाले, अठरा झाले. पारडे हलेना. जावेचा भाऊ एकेक भेली ठेवी आणि लोक मोजत. विसाव्या शेराला काटा सरळ झाला. सासूने डोळे मिटून हात जोडले. जावेने गर्दीत सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहून घेतले. त्या क्षणी ती मला खरोखर सुंदर दिसली, आणि मी तिचा फार द्वेष केला.

पण त्या देवीचा रिवाज असा की तोललेल्या मुलाने स्वतःच्या पायांनी देवळाला पाच फेरे घालायचे, मग गूळ वाटायचा. कडेवर घेऊन चालत नाही. हे जावेला माहीत होते. ती त्याच गावची. तिने त्याचा विचारच केला नव्हता, कारण वजनापलीकडे कोणी विचार केलाच नव्हता.

मुलाला खाली ठेवले. जाऊ पुढे उभी राहून हात पसरून म्हणाली, "ये बापू, ये राजा." तो चालला, पाय फाकवून. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्यात, देवळाच्या मागच्या बाजूला, तो बसला. उठवले, पुन्हा बसला. त्याचा श्वास भात्यासारखा वाजत होता. ओठ जांभळाच्या रंगाचे झाले.

"काहून वं, चालत नाई का हे?" एका म्हातारीने विचारले.

"तीन वर्साचं होत आलं ना?" दुसरी म्हणाली. "आमचं तर ह्या वयात ढोरामागं पळते."

"पाय पाहा त्याचे. कसे वाकले."

"नुसता गूळच जोखला म्हना की बाप्पा."

कोणीतरी हसले. मग बरेच जण हसले. जाऊ मुलाला ओढत होती, "चाल ना रे, चाल ना," आणि रडत होती. तिच्या माहेरी, तिच्या भावकीपुढे, तिच्या देवीपुढे. माझी विहीर त्या दिवशी काठोकाठ भरली. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटले मी रडते आहे.

तेवढ्यात मुलाने आजूबाजूला पाहिले आणि माझ्याकडे हात केले. "काकू," म्हणाला. पुढचा शब्द श्वासात अडकला. आईकडे नाही, माझ्याकडे, कारण त्या सगळ्यांत मी एकटी त्याला ओढत नव्हते. मी पुढे गेले नाही. सासूने त्याला उचलले. बाकीचे फेरे पुजाऱ्याने पाण्याचे बोट लावून माफ केले.

मुलगा गाडीत परत येईपर्यंत धापा टाकत होता. जावेचे तोंड पांढरे पडले होते. तिची आधीची दोन मुले अशीच, श्वास लागूनच गेली होती, हे तिने मला त्या गाडीत सांगितले. इतकी वर्षे मला ते माहीत नव्हते. माहीत असते तर मी वेगळे वाचले असते का? खरे सांगते, मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी वजनाचा वार होता. जाऊ सगळ्यांत आधी जाऊन उभी राहिली. नर्सबाईंनी मुलाची छाती नळीने ऐकली, बराच वेळ ऐकली. मग कार्ड घेतले आणि त्यांचा आवाज चढला. "सहा महिने मी काय लिहितेय? साय बंद, गूळ बंद, चालवा! एक तरी गोष्ट केलीत? मुलाला मारायचंय का तुम्हाला?"

जाऊ म्हणाली, "तुमीच तं बदाम लिहिले, बाई."

"मी बदाम लिहिले?" नर्सबाईंनी कार्डावरच्या सहाही ओळी मोठ्याने वाचल्या. जाऊ हळूहळू माझ्याकडे वळली. सासूही वळली. चाळीस बायका वळल्या.

माझा घसा कोरडा पडला, नेहमीसारखाच. पण शब्द आले. "पयली ओळ मी खरी वाचली होती, आत्याबाई. तवा तुमी म्हणाल्या, अकोल्याले जाऊन वाच. मंग बाकीच्या पाच मी तुमाले आवडतीन तशा वाचल्या."

"माह्या लेकराचा जीव घेऊन राह्यली होती तू!" जाऊ ओरडली.

"माह्या लेकीच्या तोंडचं तुमी घेतलं होतं," मी म्हणाले. "तापात. भरल्या घरात."

तिने हात उगारला. सासूने तो धरला. माझ्या आयुष्यात तिने माझ्या बाजूने केलेली तेवढी एकच गोष्ट.

मला वाटले होते नर्सबाई माझी बाजू घेतील. त्यांनी माझ्या मुलीचे कार्ड माझ्यापुढे धरले. "हे वाचा," म्हणाल्या. "तुम्हाला तर येतं. आश्विनापासून हिचं वजन एक पौंडसुद्धा वाढलेलं नाही. पहिल्याच महिन्यात मला येऊन सांगितलं असतंत, की घरचे ऐकत नाहीत, तर मी तुमच्या ओसरीवर येऊन बसले असते. दोन्ही मुलांचं भलं झालं असतं. सूड घेत बसलात, आणि पोरगी तुमचीच वाळली."

मला त्यांचाही राग आला. अजून येतो. त्यांना काय माहीत, पन्नास बायकांच्या रांगेत पुढे होऊन बोलायचे म्हणजे काय. पण त्यांच्या बोलण्यात खोट काढायला मी आजवर बसले आहे आणि मला ती सापडलेली नाही.

त्या दिवसापासून सासूने दूध स्वतः वाटायला घेतले, माप लावून, दोघांना अर्धा-अर्धा शेर. साय, लोणी, गूळ बंद. मुलगा आठ दिवस रडला. जावेने त्याला विहिरीपासून ओसरीपर्यंत रोज चालवले, बोट धरून, आणि तो बसला की तीही मातीत बसे. त्या महिन्यात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पुढच्या वजनाच्या वारी आम्ही दोघी वेगवेगळ्या गेलो. घरी आल्यावर मात्र ती कार्ड घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. वाचणारे दुसरे कोणी घरात नव्हते. ती म्हणाली, "वाच."

मी वाचले. "वजन अडीच पौंडांनी कमी. श्वास बरा. असेच चालू ठेवावे."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले. तिने माझ्या डोळ्यांत पाहून तिसऱ्यांदा वाचायला लावले. मी तिसऱ्यांदाही तेच वाचले. मग ती उठली, चप्पल न घालता भर उन्हात शाळेच्या मास्तरांच्या घरी गेली आणि त्यांच्याकडून वाचून घेऊन आली. दारातून सासूला म्हणाली, "बरोबर हाय." माझ्याकडे पाहिले नाही. पुढे पाच वर्षे, दवाखाना बंद होईपर्यंत, तिने प्रत्येक ओळ अशीच मास्तरांकडून पडताळून घेतली. मीही प्रत्येक ओळ खरी वाचली. तिला दर महिन्याला ते उन्हातले अंतर चालायला लावण्यात मला सुख होते, ते मी लपवत नाही.

त्या पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा माझ्या मांडीवर माझ्या मुलीचे कार्ड होते. ते वाच, असे मला कोणी म्हटले नाही. जाऊ चुलीकडे गेली, सासू जुड्या बांधायला बसली. मी घसा साफ केला आणि ओसरीवर बसून, दोघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचले, "वजन एक पौंडाने वाढले."